शंभर पोती तांदूळ आणि शाळेची मालकी

जपानच्या निइगाता प्रांतात शिनानो नदीच्या काठी नागाओका नावाचे शहर आहे. १८६८ च्या बोशिन युद्धात इथले संस्थान नव्या मेइजी सरकारच्या विरोधात लढले आणि हरले. किल्ला गेला, गाव जळून खाक झाले, संस्थानाचे उत्पन्न ७४ हजार कोकूंवरून २४ हजारांवर आले. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. त्यावरून या कपातीचा अंदाज यावा. १८७० मध्ये मिनेयामा या नात्यातल्या संस्थानाने मदत म्हणून शंभर पोती तांदूळ धाडला. उपाशी सामुराई कुटुंबांना वाटले, आता तो घरोघर वाटला जाईल. कारभारी कोबायाशी तोरासाबुरो यांनी मात्र तो विकायला काढला आणि आलेला पैसा शाळेला लावला.

गोष्ट एवढीच आहे, आणि ती जपानमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. यामामोतो युझो यांनी १९४३ मध्ये तिच्यावर नाटक लिहिले. २००१ मध्ये पंतप्रधान कोइझुमी यांनी संसदेतल्या आपल्या पहिल्या धोरणविषयक भाषणात तिचा दाखला दिला: उद्याच्या भल्यासाठी आज कळ सोसा, आर्थिक सुधारणांचा काच सहन करा. तेव्हापासून ही गोष्ट पोट बांधून शिकण्याची, त्यागाची गोष्ट म्हणूनच सांगितली जाते. नागाओका हायस्कूलसारख्या जुन्या सरकारी शाळांकडेही याच नजरेने पाहिले जाते. पूर्वजांनी त्याग केला, शाळा उभी राहिली, तिथून थोर माणसे निघाली आणि गाव धन्य झाले.

हे वाचन मला उथळ वाटते. त्याने शाळा आणि गाव यांच्यातला खरा व्यवहार झाकला जातो. माझे म्हणणे असे आहे की जुनी शाळा गावाची असते ती गावाने एके काळी तिच्यासाठी काय सोडले म्हणून नव्हे. तिच्या कारभारात गावाचा आज किती हात आहे, यावर ते ठरते. हा हात सुटला की शाळा गावात उभी असते, गावाचे नाव लावते, गावातली हुशार मुले घेते, आणि तरीही गावाची राहत नाही. जपानच्या ऐतिहासिक सरकारी हायस्कुलांच्या बाबतीत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हेच घडले आहे. आता मुलांची संख्या घटत असताना त्या शाळांचे भवितव्य ठरवायची वेळ आली आहे, म्हणून हा मुद्दा नीट तपासणे गरजेचे आहे.

१. तांदळाच्या आधी शाळा होती

त्यागाच्या कथेतले पहिले भोक साध्या हिशेबाने दिसते. एका पोत्यात सुमारे ६० किलो तांदूळ धरला तर शंभर पोती म्हणजे सहा टन. संस्थानात सामुराई कुटुंबांतली माणसे काही हजार होती. माणशी दिवसाला अर्धा किलो धरला तर हा तांदूळ आठ हजार माणसांना जेमतेम दीड दिवस पुरला असता. तो वाटला असता तरी भूक मिटली नसती, आणि न वाटल्याने फार मोठी भूक वाढली असेही नाही. त्या दीड दिवसाच्या जेवणाचे मोल मी कमी करत नाही. उपाशी माणसाला ते फार मोठे असते. पण नागाओका त्या तांदळावर उभे राहिले असे म्हणणे हिशेबात बसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तांदूळ आला तेव्हा शाळा आधीच चालू होती. १८६९ मध्ये, म्हणजे युद्धाच्या दुसऱ्याच वर्षी, शोफुकुजी या मंदिरात वर्ग भरू लागले होते. गावात धड छपरे नव्हती, तेव्हा मंदिराच्या दालनात मुले बसत होती. तांदळाचा पैसा लागला तो मुख्यतः पुस्तके आणि साधने यांच्यासाठी. शाळेची नवी इमारत १८७० मध्ये उघडली. तिचे नाव कोक्कान गाक्को. जपानी आणि चिनी विद्या ही तिची बैठक होती, आणि जोडीला पाश्चात्त्य विद्या व वैद्यक यांचेही विभाग होते.

या शाळेमागचा विचार तर त्याहून जुना. तोरासाबुरो हे विद्वान साकुमा शोझान यांचे शिष्य. योशिदा शोइन आणि ते असे दोघे गुरूचे सर्वांत लाडके शिष्य मानले जात. शिक्षण कसे असावे यावर त्यांनी १८५९ मध्येच प्रबंध लिहिला होता. लहानपणी देवी येऊन त्यांचा एक डोळा गेला होता आणि प्रकृती कायमची खालावलेली होती. युद्धाला त्यांचा विरोध होता. हरलेल्या गावाचा कारभार हाती आला तेव्हा त्यांनी काही नवे शोधून काढले नाही. दहा वर्षे जे म्हणत होते तेच केले. तांदूळ येण्याआधीच काय करायचे ते ठरलेले होते, ठरवणारी माणसे गावातलीच होती, आणि शंभर पोत्यांना जायला एक ठिकाण तयार होते.

आणखी एका गोष्टीकडे या कथेत फारसे लक्ष जात नाही. या शाळेत सामुराईंबरोबर शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुलांनाही प्रवेश होता. संस्थानांच्या जुन्या शाळा सामुराईंच्या मुलांसाठी असत. हरलेल्या, जळलेल्या गावाने ती भिंत पाडली. ज्यांना आजवर शाळेत जागा नव्हती त्यांना जागा मिळाली आणि म्हणून शाळेशी त्यांचाही संबंध जडला. तांदूळ विकण्यापेक्षा हे काम मला धाडसाचे वाटते.

२. संस्थान गेले, शाळा टिकली

१८७० मध्येच नागाओका संस्थान विसर्जित झाले आणि काशिवाझाकी प्रांतात विलीन झाले. पुढच्या वर्षी जपानभरची संस्थाने रद्द झाली. शाळा उभी करणारी सत्ताच उरली नाही. इथे त्यागाची कथा संपते, पण शाळेची कथा खरी इथून सुरू होते.

तोरासाबुरो यांचे सहकारी मिशिमा ओकुजिरो यांनी पुढची सूत्रे हाती घेतली. १८७२ मध्ये पाश्चात्त्य विद्येची शाळा निघाली. आजचे नागाओका हायस्कूल आपला जन्म याच वर्षापासून मोजते. किशी उकिची नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी तेलाच्या दिव्याभोवती बैठका होत, त्यांना दिव्याच्या बैठका असेच नाव पडले. कालपर्यंत ज्यांना पगार मिळे ते सामुराई आणि ज्यांच्याकडे पैसा होता ते व्यापारी तिथे एकत्र बसून गावाचे काय करायचे ते बोलत. १८७५ मध्ये गरीब होतकरू मुलांच्या शिक्षणाला मदत करणारे नागाओका-शा हे मंडळ निघाले. १८७८ मध्ये ६९वी राष्ट्रीय बँक गावात उघडली. मंडळ, बँक, रुग्णालय आणि शाळा या सगळ्यांमागे बहुतेक तीच ती माणसे होती.

या चित्रात शाळा एकटी नाही. ती गावाच्या व्यवहारात गुंतलेली आहे. शाळेत कोणता विषय शिकवावा हा प्रश्न आणि गावात कोणता धंदा चालेल हा प्रश्न एकाच दिव्याखाली चर्चेला येत होता. शाळेला पैसे कमी पडले तर कुणाकडे जायचे हे ठाऊक होते, आणि पैसे देणाऱ्याला शाळेत काय चालते ते विचारायचा हक्क होता. हा हक्क कुठे लिहून ठेवलेला नव्हता. रोजच्या देण्याघेण्यातून तो तयार झाला होता.

३. चुलीमागे वर्गणी

नागाओकाचे उदाहरण अपवाद आहे असे कुणी म्हणेल, म्हणून त्याच काळातले क्योतो पाहू. प्रकरण प्राथमिक शाळांचे आहे, पण मुद्द्याला ते थेट भिडते.

१८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेले आणि हजार वर्षांची राजधानी एकाएकी पोरकी झाली. त्याच वर्षी क्योतोच्या नागरिकांनी ६४ प्राथमिक शाळा उघडल्या. देशाची शिक्षणव्यवस्था ठरवणारा सरकारी कायदा यायला अजून तीन वर्षे होती. शहराचे मोहल्ले एकत्र करून गट पाडले होते आणि प्रत्येक गटाने आपली शाळा उभारली. पैसा सरकारकडूनही आला, पण शाळा चालवण्यासाठी दर चुलीमागे वर्गणी बसवली गेली. ज्या घरात चूल पेटते त्या घराने पैसे द्यायचे. घरात मूल आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. म्हातारा-म्हातारीच्या घरातूनही पैसे जात, निपुत्रिकाच्या घरातूनही.

त्या बदल्यात रहिवाशांना काय मिळे ते पाहण्यासारखे आहे. शाळेच्याच इमारतीत मोहल्ल्याची सभा भरायची खोली असे. पोलीस आणि अग्निशमनाची व्यवस्था तिथे असे, छपरावर टेहळणीचा मनोरा असे आणि त्यात ढोल. तो वेळ सांगायला वाजे आणि आग लागली तरी वाजे. देवी काढण्याचे कामही शाळेत चाले. म्हणजे ज्याचे मूल शाळेत नाही त्याचेही शाळेत काम पडे. चुलीमागच्या वर्गणीचे समर्थन कुणाला भाषणाने करावे लागत नसणार. ढोल वाजला की ते होत असे.

पुढे वस्ती घटली तशा मध्य क्योतोतल्या यातल्या बऱ्याच शाळा बंद झाल्या किंवा एकमेकींत मिसळल्या. तात्सुइके शाळेच्या इमारतीत २००६ पासून क्योतोचे आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालय आहे. पण ही इमारत कशासाठी वापरावी या चर्चेत मोहल्ल्याच्या मंडळींना बाजूला ठेवता आले नाही, कारण ती त्यांच्या पूर्वजांच्या वर्गणीतून उभी राहिली होती. शाळा संपल्यानंतरही हक्क उरला. हक्क कसा जन्मतो आणि किती चिवट असतो, हे यावरून कळते.

४. शाळा प्रांताकडे जाते

मग बदलले काय? कायद्याने शाळेचा धनी बदलला.

१८८६ मध्ये शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांनी मध्यमशाळांचा आदेश काढला. प्रत्येक प्रांतात स्थानिक करावर चालणारी सामान्य मध्यमशाळा एकच असावी, आणि गाव-शहरांनी आपल्या निधीतून अशी शाळा काढू नये, असे त्यात होते. ही बंधने काही वर्षांत सैल झाली, पण दिशा पक्की झाली. मध्यमशाळा हा गावाचा विषय राहिला नाही. नागाओकाच्या शाळेचेही नाव आणि व्यवस्थापन या काळात पुन्हा पुन्हा बदलले आणि शेवटी ती निइगाता प्रांताची मध्यमशाळा झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये नवी पद्धत आली तेव्हा अशा मध्यमशाळांची हायस्कुले झाली, पण धनी तोच राहिला.

आजही जपानमध्ये सहा वर्षांची प्राथमिक आणि तीन वर्षांची कनिष्ठ माध्यमिक शाळा गाव किंवा शहर चालवते. त्यानंतरची तीन वर्षांची सरकारी हायस्कुले बहुतांशी प्रांत चालवतो. मूल पंधरा वर्षांचे झाले की गावाच्या कारभारातून निसटते. हायस्कूलचे शिक्षक प्रांत नेमतो आणि काही वर्षांनी बदली करतो. किती शिक्षक मिळणार हे वर्गांच्या संख्येवर ठरते, आणि वर्ग किती हे चाळीस विद्यार्थ्यांच्या मापावर. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. या हिशेबात गाव कुठेच येत नाही. शाळा बंद करायची की दुसरीत मिसळायची हे प्रांताचे शिक्षणमंडळ ठरवते. गाव निवेदन देऊ शकते, सह्यांची मोहीम काढू शकते. ठरवू शकत नाही.

या व्यवस्थेने शाळांचे नुकसान झाले असे मी म्हणत नाही. १९५० मध्ये जपानची निम्म्याहून कमी मुले हायस्कुलात जात. १९७४ मध्ये हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले. गावांच्या वर्गणीवर हे झाले नसते. पण ऐतिहासिक शाळांच्या वाट्याला एक विशिष्ट भूमिका आली. प्रांतातली सर्वांत हुशार मुले प्रवेशपरीक्षेने गोळा करायची आणि मोठ्या विद्यापीठांकडे रवाना करायची. फुकुओकाच्या शुयुकानचे मूळ १७८४ च्या संस्थानी शाळेत आहे, योनेझावाच्या कोजोकानचे १७७६ मध्ये उएसुगी योझान यांनी पुन्हा उभारलेल्या शाळेत. या शाळांच्या नावामागे अडीचशे वर्षांचा पुण्यसंचय आहे. तरी त्यांची पत आज मोजली जाते ती टोकियो, क्योतो, तोहोकु, क्यूशू या विद्यापीठांत किती मुले लागली यावर.

नागाओकाच्या मध्यमशाळेतून नौसेनापती यामामोतो इसोरोकु निघाले, कवी होरिगुची दाइगाकु निघाले, इतिहासलेखक हान्दो काझुतोशी निघाले. शहराला यांचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण अशी नावे घेतली की शाळेने गावासाठी काय केले या प्रश्नाचे उत्तर दिल्यासारखे वाटते, आणि ते उत्तर नसते. ती माणसे कुठे पोहोचली ते त्या नावांवरून कळते. दरम्यान गावात राहिलेल्या माणसांशी शाळेचे नाते काय होते, हे कळत नाही.

इथे 'समाज' या शब्दाखाली दोन वेगळी माणसे येतात. एक माजी विद्यार्थी, जो टोकियोत राहतो, शताब्दीला देणगी देतो, शाळेचे गीत पाठ म्हणतो. दुसरा शेजारी, जो शाळेच्या रस्त्यालगत भात लावतो किंवा दुकान चालवतो आणि ज्याच्या मुलाला तिथे प्रवेश मिळालाच असेल असे नाही. शाळेच्या कारभारात आज ज्याचा आवाज पोहोचतो तो पहिला. साइतामा, गुन्मा आणि तोचिगी या प्रांतांत अजूनही केवळ मुलांची आणि केवळ मुलींची सरकारी हायस्कुले आहेत. तिथे सहशिक्षणाचा विषय निघाला की परंपरेच्या नावाने सर्वांत मोठा विरोध माजी विद्यार्थ्यांकडून होतो. ज्या मुलीला घराजवळची सर्वांत चांगली सरकारी शाळा दारे बंद ठेवते, ती आणि तिचे आईबाप हेही त्या शाळेचा समाज आहेत. पण त्यांची संघटना नसते, शताब्दी नसते, देणगी नसते. १८७० मध्ये नागाओकाने शेतकऱ्याच्या मुलाला आत घेतले तेव्हाही परंपरेचा आधार दुसऱ्या बाजूलाच होता.

५. ओकी बेटांवर काय झाले

हात सुटला तसा पुन्हा धरता येतो का? जपानच्या समुद्रातल्या ओकी बेटांनी हे करून दाखवले. शिमाने प्रांतातल्या या बेटसमूहाच्या दोझेन भागात आमा, निशिनोशिमा आणि चिबु ही तीन गावे आहेत आणि तिघांत मिळून एकच हायस्कूल. ते प्रांताचे. मुख्य भूमीवरून बोटीने दोन-तीन तास लागतात. आमाची वस्ती १९५० च्या सुमारास सात हजारांच्या घरात होती, ती अडीच हजारांखाली आली. २००८ च्या सुमारास हायस्कुलातले एकूण विद्यार्थी नव्वदच्या आत आले आणि शाळा बंद होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचली.

प्रांताच्या वहीत ही एका छोट्या शाळेची घटती संख्या होती. बेटाच्या वहीत हिशेब वेगळा होता. हायस्कूल गेले तर पंधराव्या वर्षी प्रत्येक मूल मुख्य भूमीवर पाठवावे लागेल. खोलीचे भाडे, जेवणखाण, बोटीचा प्रवास. दोन मुले असतील तर बरीच घरे स्वतःच हलतील. लहान मुले असलेली कुटुंबे मग बेटावर येणारच नाहीत. एक शाळा बंद करून प्रांताचे जे वाचेल त्याच्या कितीतरी पट गावाचे बुडेल. हा हिशेब प्रांताला दिसत नव्हता, कारण तो त्याच्या खात्यात येत नव्हता.

आमाचे सरपंच यामाउची मिचिओ यांनी आधीच आपला पगार निम्म्यावर आणला होता, कर्मचाऱ्यांनीही कपात मान्य केली होती, आणि त्यातला काही पैसा मुलांच्या संगोपनाकडे वळवला होता. पुढे तिन्ही गावांनी मिळून शाळा हातात घेतली. कायद्याने ती प्रांताचीच राहिली, पण गावांनी तिच्याभोवती माणसे आणि पैसा उभा केला. शाळा आणि गाव यांना जोडणारी माणसे नेमली. संध्याकाळच्या अभ्यासासाठी सार्वजनिक अभ्यासकेंद्र काढले, म्हणजे चांगल्या विद्यापीठासाठी बेट सोडावे लागते ही समजूत मोडावी. बाहेरच्या मुलांना बेटावर शिकायला येण्याचे आमंत्रण दिले. टोकियो-ओसाकाची मुले वसतिगृहात राहू लागली. मच्छीमार, शेतकरी, गावचे कर्मचारी यांच्याबरोबर काम करणे हा अभ्यासाचा भाग झाला. काही वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या दुपटीच्या जवळ गेली आणि पहिल्या वर्षाचे वर्ग एकाचे पुन्हा दोन झाले. १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिक्षकही वाढले.

हिशिउरा बंदरावर शिक्षकांच्या बदलीच्या आणि मुलांच्या निरोपाच्या दिवशी बोटीच्या कठड्यापासून धक्क्यापर्यंत रंगीत कागदी फिती ताणलेल्या असतात. एक टोक जाणाऱ्याच्या हातात, दुसरे राहणाऱ्याच्या. बोट सुटली की त्या तुटतात. धक्क्यावर पालकांच्या जोडीला दुकानदार असतो, बोटीवरचा माणूस असतो, ज्यांच्याकडे मूल सुट्टीत जेवायला जायचे ते घर असते. नागाओकाच्या दिव्याखाली बसलेली मंडळी आणि क्योतोच्या चुलीमागे वर्गणी देणारी घरे यांचा वारसा मला या धक्क्यावर दिसतो. ज्यांचे मूल शाळेत नाही त्यांचेही शाळेत काम पडते आहे.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: मूल गावाची मालमत्ता नाही. हुशार मुलाला टोकियोला जायचे असेल तर शाळेने त्याला गावाशी बांधून का ठेवावे? आक्षेप बरोबर आहे, पण तो माझ्या म्हणण्यावर नाही. नागाओका-शा मंडळ मुलांना बाहेर जाऊन शिकण्यासाठीच मदत करत होते. गावाने पैसे देऊन मुले पाठवली, आणि ती परत आली तर काय करतील याचाही विचार केला. मुलाने जावे की राहावे हे मुलाने ठरवावे. पण बारा वर्षे शिकून ज्याला आपल्या गावाचे पाणी कुठून येते, बाजार कसा चालतो, कुणाची जमीन पडीक आहे हे कधी विचारावेच लागले नाही, त्याच्यापुढे निवड करण्यासारखे काही नसते. तो जातो, कारण आजवरच्या शिक्षणात एकच रस्ता दाखवलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: गावाच्या हाती शाळा दिली तर ती गावातल्या चार बड्यांच्या हाती जाईल, श्रीमंत गावाची शाळा चांगली आणि गरीब गावाची वाईट होईल. प्रांताची सत्ता हीच समतेची हमी आहे. यात तथ्य आहे. क्योतोचे मोहल्लेही एकसारखे श्रीमंत नव्हते. म्हणून शिक्षकांचे पगार, इमारती आणि किमान दर्जा प्रांताच्या आणि देशाच्या पैशातूनच यावा, असेच माझे म्हणणे आहे. ओकीनेही ते सोडले नाही. प्रश्न पैशापलीकडच्या निर्णयांचा आहे. कोणते विषय जोडावेत, कोणत्या शिक्षकाला अधिक काळ ठेवावे, बाहेरची मुले घ्यावीत का, शाळा राहावी का, या चर्चेत गावाला टेबलाजवळ खुर्ची हवी. बड्यांच्या भीतीबद्दल म्हणाल तर आजची व्यवस्थाही बड्यांपासून मुक्त नाही. ते फक्त गावात राहत नाहीत, माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेत असतात.

तिसरा आक्षेप असा की गावाच्या प्रश्नांत गुंतलेले शिक्षण पातळ होते. विद्यापीठाच्या दर्जाचा अभ्यास आणि गावची फेरफटक्याची पाहणी यांची बरोबरी नाही. याला इवाते प्रांतातल्या ओत्सुची हायस्कूलचे उत्तर पुरेसे आहे. २०११ च्या त्सुनामीत ओत्सुची या छोट्या गावातली बाराशेहून अधिक माणसे गेली. उंचावर असलेले हायस्कूल निवाऱ्याचे ठिकाण झाले. २०१३ पासून तिथले विद्यार्थी गावातल्या सुमारे १८० जागा ठरवून, त्याच जागी, त्याच कोनातून, दर वर्षी तीनदा छायाचित्रे घेत आहेत. मुलगी हातात आधीचा फोटो धरून उभी राहते, विजेच्या खांबाची आणि डोंगराच्या कडेची रेघ जुळवते, दोन पावले मागे येते, पुन्हा जुळवते. फोटोत आधी ढिगारा होता, मग भराव, मग रस्ता, मग घर किंवा मोकळा तुकडा. मोजमाप, सातत्य, नोंदीची शिस्त, आणि आपल्यानंतर येणाऱ्यासाठी काम ठेवून जाणे हे सगळे त्यात आहे. विज्ञानाच्या कोणत्याही प्रयोगशाळेला हेच लागते. ही पाहणी विद्यापीठाच्या अभ्यासाहून पातळ आहे असे मला वाटत नाही.

चौथा आक्षेप आकड्यांचा: मुलेच नाहीत, तर कोणत्या शाळा टिकवणार? २०१६ मध्ये जपानमधले वार्षिक जन्म दहा लाखांच्या खाली आले, २०२४ मध्ये ते सात लाखांच्याही खाली गेले. सगळी हायस्कुले राहणार नाहीत हे उघड आहे, आणि ती राहावीत असे मी म्हणतही नाही. पण कोणती बंद करायची हे ठरवताना चाळीसच्या पटीत मोजणे हा एकच मार्ग धरला, तर डोंगरातली, बेटावरची आणि भूकंपाने हललेली गावे आधी रिकामी होतील. मोठ्या शहरात दोन शाळांची एक केली तर मूल दुसऱ्या बसने जाते. ओकीत शाळा बंद केली तर घर उठते. एकाच मापाने या दोन्ही गोष्टी मोजल्या तर माप सारखे राहते, परिणाम सारखा राहत नाही. शिमाने प्रांताने २०११ पासून ओकीच्या धर्तीवर बेटांवरच्या आणि डोंगराळ भागातल्या इतर शाळांसाठीही योजना सुरू केली. प्रांतालाही दुसरे माप वापरता येते, इतके तरी त्यावरून सिद्ध होते.

७. पैसा विद्यार्थ्यामागे, शाळा कुणामागे?

अलीकडच्या एका बदलाने हा प्रश्न तातडीचा केला आहे. २०१० मध्ये सरकारी हायस्कूलचे शुल्क माफ झाले, २०१४ मध्ये त्याला उत्पन्नाची मर्यादा आली, २०२५ मध्ये वर्षाला १,१८,८०० येनची मदत पुन्हा सर्वांना मिळू लागली. खासगी हायस्कुलांचे शुल्कही मोठ्या प्रमाणात सरकार भरू लागले आहे. कुटुंबांच्या खिशावरचे ओझे कमी झाले हे निर्विवाद चांगले आहे. पण पैसा विद्यार्थ्यामागे जातो, शाळेमागे किंवा गावामागे नाही.

ओसाका या वाटेवर इतरांच्या पुढे आहे. तिथे खासगी शाळा मोफत होऊ लागल्या तशी निम्म्याच्या आसपास सरकारी हायस्कुलांत प्रवेशक्षमतेपेक्षा कमी अर्ज येऊ लागले, आणि त्यांत शंभरी ओलांडलेल्या नामांकित शाळाही आहेत. त्याच प्रांतात तीन वर्षे सलग जागा रिकाम्या राहिलेल्या सरकारी शाळेचा पुनर्रचनेसाठी विचार करण्याचा नियम आहे. या शाळांजवळ इतिहास आहे, जुनी इमारत आहे, माजी विद्यार्थ्यांची भली मोठी यादी आहे. खासगी शाळेशी स्पर्धा करताना यातले काहीच कामाला येत नाही, कारण पंधरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईबापांना निवडायचे असते ते पुढच्या तीन वर्षांसाठी. सरकारी शाळेजवळ खासगी शाळेकडे नसलेली एकच गोष्ट असू शकते: ती जिथे आहे त्या वस्तीशी रोजचा व्यवहार. आणि नेमकी तीच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काढून घेतली गेली होती.

नागाओकात कोक्कान गाक्कोच्या जागेवर २०२३ मध्ये शंभर पोत्यांचे नाव लावलेले मोठे सार्वजनिक संकुल उघडले. शहराने त्यात वाचनालय आणि नव्या उद्योगांसाठी जागा ठेवली आहे. तिथल्या आपल्या जागेचे काय करायचे ते शहर ठरवते. नागाओका हायस्कूल मात्र प्रांताचे आहे. त्याच शहरात २००५ मध्ये यामाकोशी गाव सामील झाले. २००४ च्या चुएत्सु भूकंपानंतर ते अख्खे गाव हलवावे लागले होते. तिथल्या मुलाला कोणते हायस्कूल मिळेल, किती दूर, कोणत्या विषयांचे, हे नागाओकाची नगरसभा ठरवू शकत नाही. तोरासाबुरो आणि मिशिमा यांच्याकडे शंभर पोती होती आणि ती कशावर खर्च करायची हे सांगण्याचा अधिकार होता. त्यांच्या शहराकडे आज पोती कितीतरी अधिक आहेत, पण हायस्कूलबाबत तो अधिकार नाही. निइगाता प्रांताने हायस्कुलांची पुढची फेररचना ठरवताना गावांना आणि शहरांना निवेदन देणाऱ्यांच्या रांगेतून उठवून निर्णयाच्या बैठकीत बसवावे, आणि प्रत्येक शाळेच्या हिशेबात चाळीसच्या पटीबरोबर त्या शाळेवाचून उठणारी घरेही मोजावीत. हा अधिकार नागाओकाला परत मिळायला हवा.